जास्तीचं पाणी

चौथ्या मजल्यावरच्या कंपाउंडरबाईंकडे लोक पानं घेऊन येत. कुणी रुमालात गुंडाळून, कुणी पाकिटाच्या कप्प्यात घालून. एका गृहस्थांनी तर लिफ्ट बंद असताना अख्खी गुलाबाची कुंडी छातीशी धरून जिन्यानं वर आणली आणि दारातच धापा टाकत म्हणाले, "बाई, आधी हिला बघा, मग मला."

बाई चष्मा कपाळावर सरकवत आणि पान आधी उलटं करून बघत. किडे असले तर ते मागच्या बाजूलाच दडून बसतात. मग प्रश्न सुरू होत. कुंडी कुठं ठेवता? ऊन सकाळचं की दुपारचं? पाणी घातलं की खालच्या भोकातून बाहेर येतं का? नाही येत? मग झाडाला कशाला नावं ठेवता, आधी भोक मोकळं करा. मावा असेल तर साबणाचं पाणी. कापूस चिकटल्यासारखा पांढरा किडा असेल तर बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसायचा, कंटाळा करायचा नाही. पानाच्या कडा जळाल्या असतील तर खत जास्त झालंय, हात आवरा.

"आणि एका वेळी एकच उपाय," त्या दारापर्यंत येऊन बजावत. "सतरा औषधं एकदम दिलीत तर रोग कशानं गेला आणि रोगी कशानं गेला, दोन्ही कळत नाही."

त्यांनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीत केली होती. बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवून डोस समजावून सांगण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती, फक्त रोगी बदलले होते. लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ गेल्यापासून त्या आणि भावजय अशा दोघीच घरात राहत होत्या. भावजय त्यांना 'वन्सं' म्हणे, त्या तिला 'वहिनी' म्हणत, आणि त्यांच्यामुळे सगळी बिल्डिंगच तिला वहिनी म्हणायला लागली होती.

नणंद-भावजय इतक्या गोडीनं राहतात हे काही बायकांच्या पचनी पडत नसे. "आत धुमसत असणार काहीतरी," अशी कुजबुज चाले. धुमसत काहीच नव्हतं. वाटणी सरळ होती. स्वयंपाकघर वहिनीचं, गॅलरी वन्संची. वहिनी एका शिंप्याच्या दुकानात कपडे उसवून घट्ट-सैल करून द्यायचं काम करी. सकाळी जाई, उन्हं कलता परत येई. झाडातलं तिला ओ की ठो कळत नसे. एकदा तिनं हौसेनं मिरचीच्या रोपाला हात लावला तर शेंड्यासकट फांदी हातात आली होती. "तुझ्या हातात सुई शोभते गं," वन्सं म्हणाल्या होत्या. "माझ्या पोरांना हात लावू नकोस."

गॅलरीत कठड्याला लागून जास्वंद होती, जिरॅनियम होतं, पसरट टोपलीत पुदिना होता, आणखी चार-दोन लहान कुंड्या होत्या, आणि कोपऱ्यात निळ्या पिंपात लिंबू. लिंबाचं कलम वहिनीच्या नवऱ्यानं आणलं होतं. आणलं तेव्हा छडीएवढं होतं, आता कठड्यावरून डोकं काढून रस्ता बघत उभं असायचं. वर्षभर लिंबं देई. वहिनी बाकीच्या झाडांकडे लक्ष देत नसे, पण दुकानात जाताना लिंबाकडे एकदा बघून जाई.

बिघडलं ते आधी पुदिन्याचं. देठ काळे पडले आणि टोपली एका आठवड्यात बसली. वन्संनी मनावर घेतलं नाही. "म्हातारा झाला होता," म्हणाल्या. मग जास्वंदीची पानं पिवळी पडायला लागली. एखाद-दुसरं नाही, खालपासून वरपर्यंत. कळ्या उमलायच्या आधीच गळून फरशीवर पडत. वन्संनी पान उलटं करून बघितलं, किडा नव्हता. बोट मातीत खुपसलं, बाहेर काढलं, वास घेतला.

"वहिनी, इकडे ये."

वहिनी कणकेच्या हातानं गॅलरीत आली.

"वास घे."

वहिनीनं घेतला. साचलेल्या गटारासारखा होता.

"मुळं कुजतायत," वन्सं म्हणाल्या. "पानं मलूल आणि माती ओली, म्हणजे दुसरं काही नसतं. पाणी जास्त झालंय. कोण घालतंय?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"मी एकदाच घालते, सकाळी. तू तांदूळ धुतलेलं पाणी ओततेस का?"

"कधीतरी ओतते."

"तेच ते. ओतू नकोस."

वहिनीनं तांदळाचं पाणी ओतणं त्याच दिवसापासून बंद केलं. जास्वंद तरी पिवळी पडतच राहिली. वन्संनी ती कुंडीतून बाहेर काढली, काळी पडलेली मुळं कात्रीनं कापली, माती बदलली, तिच्यात वाळू मिसळली, खालचं भोक दाभणानं मोकळं केलं. पुस्तकात लिहावं असं काम होतं. आणि महिन्याच्या आत जास्वंद गेली. मग जिरॅनियम बुडातून मऊ पडून आडवं झालं. ओल्या मातीतली बारकी चिलटं घरभर झाली, चहात पडू लागली.

त्याच सुमारास खालच्या मजल्यावरचे मास्तर वर आले. शाळेतून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य. तक्रार करायची म्हणजे त्यांना आधी हवापाण्याचं बोलावं लागे.

"हवा कोरडी आहे नाही सध्या?" ते म्हणाले. "सगळीकडे कोरडी आहे. फक्त माझ्या गॅलरीत रोज पाऊस पडतो. वाळत घातलेले कपडे मी दोनदा पिळतो."

वन्संना अतिशय ओशाळल्यासारखं झालं. मास्तर गेल्यावर त्या वहिनीकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण डोळ्यांत राग होता.

"मी तुला सांगितलं होतं ना?"

"वन्सं, देवाशपथ, मी गॅलरीत पाऊलसुद्धा टाकत नाही."

"मग काय झाडं स्वतः उठून नळावर जातात?"

त्या रात्री जेवताना दोघी बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांत असं क्वचितच झालं होतं. वहिनीला वाटलं, वन्संचं वय झालं, चिडचिड होणारच. आपण गप्प बसावं. आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचीच शंका यायला लागली होती. आपण कधी नकळत घागरभर ओततो की काय? ती आता भांडी विसळलेलं पाणीही जपून मोरीत टाकू लागली.

मग एक दिवस दुकानातली वीज गेली. यंत्रं बंद पडली, मालकानं सगळ्यांना घरी जायला सांगितलं. वहिनी दुपारीच परतली, किल्लीनं दार उघडून आत आली. वन्सं गॅलरीत होत्या, त्यांना चाहूल लागली नाही. झारी घेऊन त्या उरलेल्या झाडांना पाणी घालत होत्या, मुळाशी, पानांवर थेंबही न उडवता. चेहऱ्यावर एवढं समाधान होतं की वहिनीला हाक मारवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

तिथून बाहेरची खोली दिसत होती. वन्सं आत आल्या, झारी दाराशी ठेवली, हात पुसले, खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं. थोडं वाचलं. मग मान वर करून गॅलरीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! आज पाणी घालायचंच राहिलं की."

त्या उठल्या. झारी भरली. पहिल्या कुंडीपासून सुरुवात केली. तसंच हळू, तसंच मुळाशी. लिंबाच्या पिंपाखालून पाणी वाहत कठड्याच्या पन्हाळीकडे निघालं होतं. त्यांनी ते पायानं ओलांडलं. आत आल्या, हात पुसले, वर्तमानपत्र उचललं.

वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली. आधण उकळून आटत होतं. वन्सं तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा ती बाहेर आली.

"वन्सं, घातलंत की पाणी मगाशी."

वन्सं दचकल्या. "तू कधी आलीस? मगाशी कधी?"

"आत्ताच. मी बघितलं."

"छे."

पण त्या दवाखान्यातल्या माणूस होत्या. तपासल्याशिवाय नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. त्यांनी झारी खाली ठेवली, लिंबाच्या पिंपात दोन पेरं आत जाईल इतकं बोट खुपसलं आणि बाहेर काढलं. बोट चिखलानं माखलं होतं. त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी वहिनीकडे बघितलं. तोंडाचा रंग उडाला होता. रस्त्यात चुकलेलं मूल जसं पहिल्या ओळखीच्या चेहऱ्याला धरायला बघतं, तशा त्या बघत होत्या.

"तू घातलंस," त्या म्हणाल्या. "तूच घातलंस ना वहिनी?"

वहिनीच्या घशाशी खरं उत्तर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"हो," ती म्हणाली. "मीच घातलं. मला वाटलं राहिलंय."

वन्संनी लांब श्वास सोडला. अंगातला ताण उतरला आणि लगेच जुना अधिकार परत आला. "किती वेळा सांगायचं तुला? मारशील एक दिवस सगळी."

वन्संना डॉक्टरकडे नेताना वहिनीनं सांगितलं की आपल्यालाच दाखवायचं आहे, सोबत चला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी गप्पा मारता मारता वन्संना तीन साधे शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि मग इकडचं तिकडचं विचारत राहिल्या. दवाखान्यातल्या नोकरीबद्दल वन्सं भरभरून बोलल्या. कुठल्या साथीत कुठलं औषध संपलं होतं, कुठला डॉक्टर चिठ्ठीवर कोंबडीच्या पायांसारखं लिहायचा, सगळं त्यांना आठवत होतं.

"आणि मघाशी मी तीन शब्द सांगितले होते, ते कुठले?"

"कुठले शब्द?" वन्संनी विचारलं. मग टेबलावरच्या कुंडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ते राहू द्या. हिला पाणी जास्त होतंय बघा. खालची पानं पिवळी पडतायत. बशीत साचलेलं पाणी आधी ओतून टाका."

डॉक्टरीणबाईंनी बशी उचलली. पाणी साचलेलं होतं. त्या हसल्या, पण वहिनीकडे बघताना त्यांचं हसू गेलं. वन्सं बाहेर बसल्यावर त्या म्हणाल्या, "जुनं बरंच दिवस राहील. नवं टिकणार नाही. गोळ्या देते, त्यानं वेग थोडा कमी होईल, इतकंच."

"आणि बरं होण्याचं?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "एक करा. त्यांना सारखं चूक म्हणू नका. घाबरतात, आणि घाबरल्या की आणखी गोंधळतात."

वहिनीचा मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला होता. तिनं त्याला फोनवर सगळं सांगितलं. आत्याच्या अंगाखांद्यावर वाढलेला होता. मग त्यानं एकामागून एक उपाय सांगायला सुरुवात केली.

"पाटी लाव गॅलरीच्या दाराला. 'आज पाणी घातलं आहे.' वाचतील ना?"

पाटी लावली. वन्संनी ती वाचली, म्हणाल्या, "ही कालची दिसते," आणि पुसून टाकली.

"मग झारी लपव."

झारी कपाटावर गेली. वन्संनी चहाच्या भांड्यानं पाणी घातलं. भांडी उचलून ठेवली तर ओंजळीनं. नळापासून गॅलरीपर्यंत फरशीवर पाण्याची रेघ उमटली आणि वहिनी धास्तावली, कारण पाय घसरला असता तर कंबरेचं हाड गेलंच असतं. तिनं मुकाट्यानं झारी काढून परत जागेवर ठेवली.

"मग झाडंच हलव, आई. दुसऱ्या कुणाकडे तरी दे थोडे दिवस."

झाडं ठेवून घ्यायला मास्तर स्वतः होऊन तयार झाले. वन्सं दुपारी झोपल्या असताना त्यांनी आणि वहिनीनं उरलेल्या कुंड्या खाली नेल्या. लिंबाचं पिंप ओढत, ढकलत, जिन्याची एकेक पायरी उतरवत नेताना मास्तरांची कंबर धरली, तरी ते "छे छे, काही नाही" म्हणत राहिले. वहिनीला वाटलं, सुटलो.

वन्सं उठल्या, गॅलरीत गेल्या आणि मोकळ्या फरशीकडे बघत उभ्या राहिल्या. किंचाळल्या नाहीत. चपला घातल्या आणि शेजारच्या दाराची घंटा वाजवली. मग त्याच्या शेजारची. वहिनी मागे धावली तेव्हा त्या वरच्या मजल्यावरच्या बाईला हात जोडून विचारत होत्या, "आमचं लिंबू बघितलंत का हो? माझ्या भावानं आणलेलं होतं. भाऊ विचारेल आता."

ती बाई वहिनीकडे बघत राहिली. हीच बाई मागच्या वर्षी पान घेऊन त्यांच्याकडे आली होती.

संध्याकाळी कुंड्या परत वर आल्या. पिंप चढवायला मास्तरांनी दोन हमाल बोलावले.

वहिनीच्या दुकानाच्या वाटेवर एक नर्सरी होती. रोज तिच्यावरून जाऊनही वहिनीनं कधी आत डोकावलं नव्हतं. आता ती गेली आणि नर्सरीवाल्याला म्हणाली, "मला असं झाड द्या जे कितीही पाणी घातलं तरी मरणार नाही."

नर्सरीवाल्यानं तिच्याकडे निरखून बघितलं. "लोक उलटं मागतात हो. पाणी न घालता जगेल असं द्या म्हणतात."

"मला हेच हवंय."

त्यानं छत्रीगवत दिलं, कर्दळ दिली, तळ्याच्या काठी उगवणारी आणखी एक-दोन लव्हाळ्याची जात दिली. "हे पाण्यात उभं राहतं. बादलीत ठेवलंत तरी चालेल." लिंबासाठी मात्र त्याच्याकडे काही नव्हतं. "लिंबाचे पाय ओले राहिले की ते जातं बाई. त्याला दुसरी तोड नाही."

त्या रविवारी वहिनीनं आयुष्यात पहिल्यांदा मातीत हात घातले. एव्हाना लिंबाखेरीज सगळ्या कुंड्या मोकळ्या झाल्या होत्या, त्यांची भोकं बंद केली, गाळ भरला, छत्रीगवत लावलं. लिंबाच्या पिंपावर प्लास्टिकचा जाड कागद बांधला, वर शोभेचे गोटे पसरले, म्हणजे वरून ओतलेलं पाणी बाजूनं वाहून जावं. वन्सं खुर्चीतून बघत होत्या. "तुला कधीपासून नाद लागला?" त्यांनी विचारलं. त्या खूश होत्या.

आणि खरंच थोडे दिवस छान गेले. वन्सं झारी भरून पाणी घालत, पुन्हा घालत, पुन्हा घालत, आणि छत्रीगवत उंचच उंच होत गेलं. कर्दळीनं नवं पान सोडलं. वहिनी दुकानातून परतली की आधी गॅलरीत जाई. फोनवर तिनं मुलाला सांगितलं, "जमलं रे. कसं सुचलं कोण जाणे, पण जमलं." तिचा आवाज इतका मोकळा झाला होता की मुलगाही हसला.

एका संध्याकाळी ती आली तेव्हा दारातच ओल्या मातीचा वास आला. वन्सं गॅलरीत बैठक मारून बसल्या होत्या, हातात खुरपं. सगळ्या कुंड्या रिकाम्या होत्या. छत्रीगवत, कर्दळ, लव्हाळं, सगळं मुळासकट उपटून, माती झटकून, एका कडेला व्यवस्थित रचून ठेवलं होतं.

"किती तण माजलं होतं बघ," वन्सं म्हणाल्या. कपाळावर घाम होता, चेहरा उजळला होता. "तू सांगायचं तरी. झाडांना श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. आणि लिंबावर कुणीतरी प्लास्टिक गुंडाळलं होतं. प्लास्टिक! जीव घेतात लोक." तो कागदही कापून बाजूला ठेवला होता. पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिला रडावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी ते उपटण्याचं काम इतकं नीट झालं होतं की त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. एकही मूळ मध्येच तुटलेलं नव्हतं.

"दमला असाल," ती म्हणाली. "चहा करते."

लिंबू टिकलं थोडे दिवस. पानं वळली, मग पिवळी झाली, मग वाऱ्याशिवाय गळायला लागली. शेवटची लिंबं बोराएवढी होऊन काळी पडली. वहिनीनं दुकानातून सुट्टी घेतली आणि दिवसभर राखण करत बसली. पण माणूस किती राखण करणार? ती आंघोळीला गेली की नळ सुटे. ती दाराशी भाजी घ्यायला गेली की झारी भरे. एकदा तिनं सरळ हात धरला. वन्संनी हिसका देऊन हात सोडवला आणि त्या लहान मुलीसारख्या रडायला लागल्या. "मला काहीच करू देत नाहीस तू. मी काय नुसती बसून राहू?" वहिनीनं त्यानंतर हात धरला नाही.

पानं गळून फांद्या उघड्या पडल्या तेव्हा वन्संनीच निदान केलं. त्यांनी खोडाची साल नखानं खरवडली. आत हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. आणखी खाली खरवडलं. तिथंही तपकिरी.

"गेलं गं," त्या म्हणाल्या.

दोघींनी मिळून पिंप आडवं केलं. लिंबू ओढल्याबरोबर निघून आलं, धरून ठेवायला आत मुळंच उरली नव्हती. होती ती बोटांत धरताच साल सोडत होती, आतून दोऱ्यासारखा गाभा निघत होता. वासानं वहिनीनं तोंड फिरवलं. वन्संना काही वाटलं नाही. त्यांनी मुळं पाण्यानं धुतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उजेडात धरून बघितली.

"पाणी," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही. कीड नाही, बुरशी नंतरची. पाण्यानंच गेलं."

वहिनीला नवरा आठवत होता. कलम पिशवीत घालून आणताना त्याची बस चुकली होती आणि तो हसत, उशिरा, मातीनं माखलेला घरी आला होता.

वन्संनी मान वर केली. वहिनीचे डोळे भरलेले त्यांना दिसले. त्यांनी मुळं खाली ठेवली, चिखलाचा हात आपल्याच कपड्यांना पुसला आणि तिच्या पाठीवर ठेवला.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज दवाखान्याच्या खिडकीतला होता, हळू, समजावणीचा. "तू मुद्दाम थोडंच केलंस? तुला वाटलं, तहान लागली असेल त्याला. नव्या माणसाचं असंच होतं. मी तुझ्यावर फार ओरडले ना? मनात ठेवू नकोस."

"नाही ठेवत, वन्सं."

"पुढच्या वेळी मला विचारून घालत जा. एवढंच."

"विचारीन."

वहिनीला हुंदका फुटला. वन्संनी तिला जवळ घेतलं आणि थोपटत राहिल्या. थोपटता थोपटता त्यांचा हात हळूहळू थांबला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काय झालं गं? का रडतेस?"

दुकान वहिनीनं सोडलं. मालक भला माणूस, काम घरी पाठवतो. शिवणाचं यंत्र आता गॅलरीच्या दाराशी लावलं आहे. मास्तरांनी आपली कपड्यांची दोरी आतल्या खोलीत नेली आणि जिन्यात भेटले की फक्त हवापाण्याचं बोलतात, त्यामागे तक्रार नसते. मुलगा येऊन चार दिवस राहून गेला. आत्यानं त्याला ओळखलं, जवळ बसवून घेतलं, आणि शाळा कशी चाललीय असं विचारलं. जाताना तो दारात म्हणाला, "आई, मी काय करू सांग." वहिनीनं त्याची पिशवी त्याच्या हातात दिली. नर्सरीतून तिनं पुन्हा काही आणलं नाही. गॅलरीत मातीनं भरलेल्या कुंड्या तेवढ्या आहेत, आणि वन्सं त्यांना पाणी घालतात.

परवा त्या मध्येच थबकल्या. झारी हातात तशीच धरून मातीकडे बघत राहिल्या.

"वहिनी, काय पेरलंय यात?"

यंत्र थांबवून वहिनीनं विचार केला. "शेवंती," ती म्हणाली.

"कधी?"

"झाले थोडे दिवस."

"उगवली कशी नाही मग?" वन्संनी वाकून, अगदी जवळून बघितलं. मातीत बोट घातलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि वहिनी श्वास रोखून वाट बघत राहिली की आता त्या म्हणतील, पाणी जास्त झालंय. वन्सं बोटाकडे बघत होत्या. काहीच म्हणाल्या नाहीत. बोट पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मग त्यांनी झारी कलती केली. पाणी कुंडीच्या काठावरून फरशीवर आलं आणि यंत्राच्या दिशेनं वाहायला लागलं. वहिनी उठली, शिवायचे कपडे खुर्चीवर उचलून ठेवले आणि फडकं घेऊन खाली बसली.